शुद्धीपत्रक

मेढ्याच्या वर, धरणाच्या काठाला
कातकऱ्यांची वस्ती आहे, बिब्याचा माळ.
निविदेत ते 'बिबीचा मळा' असं छापून आलं
आणि दीड महिना कुणाच्या ध्यानात आलं नाही.
छापलं मीच होतं.

मी साताऱ्यात, कृष्णानगरला, निविदा शाखेत बसतो.
पंख्यानं कागद उडू नयेत म्हणून टेबलावर
काँक्रीटचा चाचणी-ठोकळा ठेवलाय,
कुठल्यातरी कालव्याचा,
दाबाखाली न फुटलेला.

कामाचे नाव:
जलाशयातून तरंगत्या पंपाने उपसा,
दीड किलोमीटर नळ, दोन हजार लिटरची टाकी.
लोकसंख्या एकोणीस.
माणशी पंचावन्न लिटर, गुणिले एकोणीस,
रोजचे एक हजार पंचेचाळीस.
धरणाच्या साठ्याशेजारी हा आकडा मांडला
तर दशांश चिन्हानंतर इतका लांब गेला
की रकाना पुरला नाही.
संगणकानं शून्य दाखवलं.

ठकी मुकणे आली मेच्या शेवटी,
सोबत नात, पिशवीत घडी घातलेलं रेशनकार्ड.
"एकोणीस कोण?" म्हणाली.
मी यादी वाचली. ती पेरं मोजत गेली.
"ही समदी म्हातारी. आन् चंदऱ्या, पाय मोडल्याला.
बाकीची खाली कोळशावर व्हती.
तुमी कवा आला मोजाया?"
फेब्रुवारीत.
"फेब्रुवारीत आमी नसतोच."

भांडून नाही म्हणाली.
एसटी सकाळचीच असते, दुपारी नसते,
असं सांगावं तसं.

मी करारनाम्याचा मसुदा पुढे केला.
वाचता येत नाही म्हणाली, म्हणून बोट ठेवून सांगितलं:
हे लिहून देणार, म्हणजे कंत्राटदार.
हे लिहून घेणार, म्हणजे शासन.
"आन् पिनार?"

बत्तीस कलमं चाळली मी तिच्यादेखत.
लाभार्थी तीन ठिकाणी होते,
खोदाईत त्यांची अडचण होऊ नये एवढ्यापुरते.
हक्क हा शब्द एकदाच, शेवटच्या पानावर:
कोणतीही निविदा कारण न देता नाकारण्याचा
हक्क राखून ठेवण्यात येत आहे.

मग तिनं विहिरीचं सांगितलं.
पाणी उतरलं की जुन्या विहिरीचं तोंड वर येतं.
दगड तिच्या आज्यानं वाहिलेले.
सातबारा दुसऱ्याचा होता, भरपाई त्या नावाला गेली.
आता आत नुसता गाळ, तरी कडेनं जाताना
ती वाकून बघते.
"सवय."
मी नकाशावर ती जागा शोधली.
निळा रंग. बुडीत क्षेत्र.
निळ्यात विहीर दाखवायची खूण नाही आमच्याकडे.

अर्ज मीच लिहून दिला. जांभळ्या शाईचा अंगठा.
धुवायला ती मागच्या नळावर गेली,
पाटबंधारे खात्याचा नळ,
मी नोकरीला लागलो तेव्हापासून ठिबकणारा.
नात तोटीला तोंड लावून पोटभर प्याली.
ठकीनं ओटीतली चिंधी काढली,
तोटीला दोन वेढे, वर गाठ,
आणि थेंब थांबेपर्यंत उभी राहिली.
मग गेली. गाडी चुकली असणार.

शुद्धीपत्रक मी दुसऱ्या दिवशी टंकलं:
'बिबीचा मळा' ऐवजी 'बिब्याचा माळ' असे वाचावे.
'एकोणीस' ऐवजी 'एकसष्ट' असे वाचावे.
पहिल्या ओळीपुढे साहेबांची आद्याक्षरं आली.
दुसरीपुढे पेन्सिलीनं एकच शब्द:
आधार?

कार्ड मागतायत की पुरावा,
हे विचारायला वरच्या मजल्यावर जायला हवं.
फाईल ठोकळ्याखाली आहे.
मी अजून गेलेलो नाही.